रणगाड्याचा रंग आणि पुराव्यांची भांडणं

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडमध्ये घुसलेले जर्मन रणगाडे कोणत्या रंगाचे होते?

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय. तुमचा विषय पॉलिमर असेल, मातीतला नत्र असेल, नाहीतर मराठी नाटक असेल. पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात एक काम तुमच्या वाट्याला हमखास येणार आहे. दोन जाणकार माणसं एकाच गोष्टीबद्दल उलटसुलट लिहून बसलेली असतात, आणि त्यातलं कोणाचं किती मानायचं आणि का, हे तुम्हाला कागदावर मांडून दाखवायचं असतं. हे काम शिकायला स्केल मॉडेल बनवणाऱ्या हौशी लोकांच्या भांडणांइतकी चांगली शाळा मला तरी दुसरी सापडलेली नाही. तिथे पगार नाही, प्रमोशन नाही, पेपर छापून येण्याची घाई नाही. तरी माणसं एका तपकिरी पट्ट्यावरून वर्षानुवर्षं भांडतात. म्हणून आज त्या भांडणांचा थोडा इतिहास.

आधी ओळख करून देते. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. प्लास्टिकच्या सुट्या भागांचं किट आणायचं, भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमानं बहुधा १:७२ किंवा १:४८, रणगाडे १:३५. (हा ३५ कुठून आला? जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं किट काढलं, त्यात मोटर आणि बॅटरीचे सेल मावायला हवे होते. ते मावतील एवढा आकार घेतला आणि नंतर मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण १:३५ निघालं. पुढे अख्ख्या जगाने तेच धरलं. प्रमाणं अशीही ठरतात!)

या मंडळींत एक ठेवणीतली शिवी आहे: ‘रिव्हेट काउंटर’, म्हणजे रिव्हेट मोजणारा. तुझ्या मॉडेलवर एक रिव्हेट कमी आहे, असं सांगणारा माणूस. आणि त्याला द्यायचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘माझं मॉडेल, माझी मर्जी’. या दोन वाक्यांकडे आपण नंतर परत येऊ.

आता रंग. कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ‘माहीत’ होतं. युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन रणगाडे गडद राखाडी, आणि फेब्रुवारी १९४३ नंतरचे पिवळट. किटबरोबर येणाऱ्या सूचनांत तेच, पुस्तकांतल्या रंगीत चित्रांत तेच. रंगाच्या बाटलीवरसुद्धा ‘जर्मन ग्रे’ असंच छापलेलं. आधार काय? मुख्यतः त्या काळातले कृष्णधवल फोटो. त्यांत रणगाडा एकसारखा गडद दिसतो, म्हणजे तो एकाच गडद रंगाचा होता. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही का?

मग थॉमस जेन्ट्झ आणि हिलरी डॉयल या जोडीने मूळ कागद काढले. जेन्ट्झ अमेरिकेचे, डॉयल आयर्लंडचे. ‘पॅन्झर ट्रॅक्ट्स’ ही त्यांची पुस्तिकांची मालिका प्रसिद्ध आहे. त्यांची पद्धत कडक होती: युद्धकाळातले मूळ जर्मन कागद आणि शिल्लक उरलेल्या खऱ्या गाड्या, यांवरून लिहायचं. आधीच्या पुस्तकात कोणी काय म्हटलंय, त्याला त्यांच्या लेखी किंमत कमी. जर्मन सैन्याची आदेश छापणारी अधिकृत पत्रकं होती, त्यांत रंगाविषयीचे आदेशही असत. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते असं. जुलै १९३७ मध्ये नवीन रंगयोजना ठरली: गडद राखाडी आणि त्यावर गडद तपकिरी, साधारण दोन भाग राखाडी, एक भाग तपकिरी. नोव्हेंबर १९३८ मध्ये जुन्या तीन-रंगी गाड्याही याच योजनेत आणायचं ठरलं. आणि ३१ जुलै १९४० ला आदेश निघाला की रंग वाचवायचा आहे, यापुढे फक्त गडद राखाडी.

तारखा जुळवून पाहा. पोलंडची मोहीम १९३९ची, फ्रान्सची मे-जून १९४०ची. दोन्ही त्या शेवटच्या आदेशाच्या आधीच्या. म्हणजे या दोन मोहिमांमधले म्हणून जगभर जे हजारो राखाडी रणगाडे कपाटांत उभे होते, ते आदेशानुसार दोन-रंगी असायला हवे होते.

इथे भांडण पेटलं, आणि आपल्या कामाचा भाग इथेच सुरू होतो. पहिला आक्षेप स्वाभाविक होता: ‘मग फोटोत तपकिरी का दिसत नाही?’

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे या आक्षेपाचं उत्तर मला फार आवडतं. आपला डोळा रंग ओळखतो तो ढोबळमानाने तीन आकड्यांवरून. कृष्णधवल फिल्म त्या तिघांचा एकच आकडा करते, उजळ किती आणि गडद किती, एवढाच. तीन आकड्यांचा एक केला की मागे जाता येत नाही. गडद राखाडी आणि गडद तपकिरी दोघंही थोडाच प्रकाश परत पाठवतात, त्यामुळे फिल्मवर दोघांचा आकडा जवळजवळ सारखा येऊ शकतो. त्यात भर म्हणजे तेव्हाच्या सगळ्या फिल्म सारख्या नव्हत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे, पॅनक्रोमॅटिकला दिसे. शिवाय रस्त्याची धूळ रणगाड्यावर बसलेली. शिवाय तुम्ही बघता तो फोटो बहुतेक वेळा फोटोच्या छापील चित्राचा फोटो असतो, आणि प्रत्येक नकलेत गडद छटा आणखी काळवंडतात. तेव्हा ‘फोटोत तपकिरी दिसत नाही’ हे निरीक्षण खरं आहे, पण ‘म्हणून तपकिरी नव्हता’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जे उपकरण फरक टिपूच शकत नाही, त्याने फरक नाही असं सांगितलं तर त्याची साक्ष किती धरायची? तुमच्या लॅबमधल्या उपकरणाची डिटेक्शन लिमिट आठवा. तिच्याखाली मिळालेल्या शून्याला आपण शून्य म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. आदेश निघाला म्हणजे तो पाळला गेला, असं कोणी सांगितलं? आपल्याकडे सरकारी परिपत्रकं निघतात. त्यावरून पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहिला तर तो परिपत्रकांचा इतिहास होईल. कागद सांगतो की काय व्हायला हवं होतं. प्रत्यक्ष काय झालं, ते सांगायला कागदाबाहेरचं काहीतरी लागतं. ते इथे मिळालं ते पुन्हा फोटोंतूनच. चांगल्या, मूळ निगेटिव्हच्या जवळच्या प्रिंट्स लोकांनी नव्याने तपासल्या, तेव्हा काहींमध्ये दोन छटांचे पट्टे खरंच ओळखू आले. म्हणजे आधी जो फोटो राखाडीच्या बाजूचा साक्षीदार होता, तोच नीट प्रश्न विचारल्यावर दुसऱ्या बाजूने बोलू लागला.

पण मग उलटी गंमत सुरू झाली. एकदा तपकिरी असू शकतो हे कळल्यावर काहींना तो सगळीकडे दिसायला लागला. झाडाची सावली पडली, तपकिरी. चिखल उडाला, तपकिरी. आपल्या डोळ्यांना अपेक्षेप्रमाणे दिसतं, हे फक्त मॉडेलवाल्यांचं दुखणं नव्हे. यावर साधा उपाय मला सुचतो तो असा: ज्याला हा वादच माहीत नाही अशा माणसाच्या हातात फोटो द्यायचा आणि छटा किती दिसतात एवढंच विचारायचं.

वाद जसा पिकला, तसं चांगल्या लोकांच्या वाक्यांचं रूप बदललं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीचं वाक्य होतं, ‘जर्मन रणगाडे राखाडी होते.’ त्यावरचं उत्तर, ‘नाही, दोन-रंगी होते.’ दोन्ही वाक्यं सगळ्या रणगाड्यांबद्दल, सगळ्या वर्षांबद्दल. पुढे वाक्य झालं, ‘जुलै १९३७ ते जुलै १९४० या काळात आदेश दोन रंगांचा होता, आणि अमुक फोटोतल्या अमुक गाडीवर दोन छटा दिसतात.’ दावा लहान झाला, त्यामुळे तपासता येऊ लागला. भांडण संपलं असं मुळीच नाही. १९४० च्या उन्हाळ्याआधी रंगवलेल्या गाड्या पुढे किती काळ दोन-रंगी राहिल्या, रशियापर्यंत तशाच गेल्या का, यावर अजून वाजतं. पण आता वाजतं ते एखाद्या गाडीवर, एखाद्या महिन्यावर. थीसिसचा सिनॉप्सिस लिहिताना तुमचं मुख्य वाक्य पहिल्या प्रकारचं आहे की दुसऱ्या, ते एकदा तपासा. बहुतेकांचं पहिल्या प्रकारचं असतं.

जाता जाता एक उपवाद. तो राखाडी रंग नेमका केवढा गडद? त्याचा मूळ क्रमांक ४६, नंतरच्या यादीत तो आरएएल ७०२१ झाला, आणि त्या रंगाचं आजचं नाव ‘काळा-राखाडी’ असं आहे. नावातच काळा! हा रंग जसाच्या तसा वीत-दीड वीत लांबीच्या मॉडेलला दिला की मॉडेल कोळशासारखं दिसतं. म्हणून बरेच जण रंग फिका करतात आणि कारण देतात ‘स्केल इफेक्ट’चं: लांबच्या वस्तू हवेमुळे फिक्या दिसतात, आणि लहान मॉडेल म्हणजे लांबची वस्तू. हिशेब करून बघू. १:३५चं मॉडेल ४० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा १४ मीटरवरून पाहणं. आता १४ मीटरवर उभी असलेली एसटी तुम्हाला कधी धुरकट दिसली आहे का? सह्याद्रीच्या रांगा निळसर दिसतात त्या कित्येक किलोमीटर अंतरामुळे. तेव्हा हवेचं कारण इथे लागू पडत नाही. मॉडेल काळं दिसतं हे मात्र खरं, कारण रणगाडा उन्हात उभा असतो आणि मॉडेल ट्यूबलाइटखाली. घरातला उजेड उन्हाच्या शंभरावा हिस्साही भरत नाही. निरीक्षण बरोबर, स्पष्टीकरण चुकीचं. ही जोडी संशोधनात वारंवार भेटते, आणि स्पष्टीकरण पाडण्याच्या भरात निरीक्षणही फेकून देणारे लोक त्याहून जास्त भेटतात.

फोटो झाला, कागद झाला. तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द वस्तू. वस्तूच हातात असेल तर वाद मिटायला हवा, असं वाटतं ना? त्यासाठी आपल्याला जपानकडे जावं लागेल.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्यांपैकी जपानची २९ विमानं परत गेली नाहीत, त्यांतली ९ ‘झिरो’ लढाऊ विमानं होती. त्यांच्या पत्र्याचे तुकडे अमेरिकनांनी जपून ठेवले. मॉडेलवाले झिरो रंगवत होते फिक्या राखाडी रंगात. पण संशोधकांनी हे तुकडे तपासायला घेतले तेव्हा रंग निघाला हिरवट-पिवळट झाक असलेला, काहीसा ऑलिव्हकडे जाणारा. त्यातच फेब्रुवारी १९४२चा जपानी नौदलाचा एक तांत्रिक अहवाल पुढे आला. त्यात झिरोचा रंग राखाडीच म्हटलाय, पण किंचित ‘आमेइरो’कडे झुकणारा. ‘आमे’ म्हणजे जपानी चिकीसारखी मिठाई किंवा तिचा पाक. साखरेचा पाक जरा जास्त आटला की जी पिवळट झाक येते, तसं काहीतरी. इंग्रजीत त्याचं ‘कॅरमेल’ झालं, आणि मग काही झिरो थेट टॉफीच्या रंगात रंगल्या. मूळ वाक्यातला ‘किंचित’ वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

तर तुकडा खरा की जुने फोटो आणि प्रत्यक्षदर्शी खरे? रंगाचं रसायन माहीत असेल तर इथे दोघांनाही खोटं पाडावं लागत नाही. रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारं राळेसारखं माध्यम. उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरचं माध्यम तुटत जातं आणि पूड मोकळी पडते. जुन्या गेटवरून हात फिरवला की तळव्याला खडूसारखं लागतं, ते हेच. असा खडू धरलेला रंग फिका, पांढुरका दिसतो. समुद्रावर, विमानवाहू जहाजाच्या डेकवर राहणारं विमान असं फिकटणारच. याउलट अंधारात पडलेल्या तुकड्यात माध्यम स्वतः पिवळं पडू शकतं. म्हणजे ज्याने उन्हात राहिलेलं विमान पाहिलं त्याने फिका राखाडी लिहिलं, ज्याने तुकडा घासून आतला रंग पाहिला त्याने ऑलिव्ह लिहिलं, आणि नवीन विमान या दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नसेल. वस्तू खरी असली तरी ती आज आपल्यापुढे आहे ती ८० वर्षांनंतरची वस्तू. तुमच्याकडे ताम्रपट असो, हर्बेरियममधलं पान असो की फ्रीजरमधला सॅम्पल, नमुना गोळा केल्या दिवसापासून बदलतोय हे गृहीत धरूनच पुढे जावं लागतं.

त्यात उजेडाचा घोळ वेगळाच. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना आपली आई तो दुकानाबाहेर उन्हात नेऊन साडीला लावून बघते, ते उगीच नाही. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे रंग दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात वेगळे निघतात. याला मेटामेरिझम म्हणतात. झिरोचा तुकडा एकाने खिडकीपाशी पाहिला आणि दुसऱ्याने दिव्याखाली, तर दोघं प्रामाणिकपणे वेगळं लिहितील.

यातून या मंडळींनी काढलेली वाट शिकण्यासारखी आहे. ‘हिरवट राखाडी’, ‘कॅरमेल’ असले शब्द सोडून ती रंगपट्ट्यांच्या क्रमांकांवर आली. कोणी अमेरिकन सरकारी मानक एफएस ५९५ वापरलं, कोणी मन्सेल पद्धत. (भूशास्त्र किंवा कृषीवाल्यांना मन्सेलचं पुस्तक माहीत असेल, मातीचा रंग त्यावरूनच लिहितात.) याने निम्मी भांडणं मिटली, कारण ती मुळात शब्दांची होती. पण नवीन एक रोग आला. मानकात काही शेच रंग, आणि जगात असंख्य. म्हणून संशोधक लिहायचा, ‘अमुक क्रमांकाच्या सगळ्यात जवळचा, पण जरा हिरवा.’ दुसऱ्याने उतरवताना लिहिलं, ‘अमुक क्रमांकाच्या जवळचा.’ तिसऱ्याने नुसताच क्रमांक लिहिला, आणि चौथ्याने त्या क्रमांकाची बाटली आणून विमान रंगवलं. एखाद्या पेपरमधलं ‘सजेस्ट्स’ तीन सायटेशननंतर ‘प्रूव्ह्ड’ कसं होतं, ते तुम्ही स्वतःच एकदा मागे-मागे जाऊन पाहा.

आता त्या रिव्हेट मोजणाऱ्याकडे येऊ. माझं मत असं की तो आणि ‘माझी मर्जी’वाला एकमेकांशी भांडतच नसतात, दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. खरी गाडी कशी होती, हा एक प्रश्न. माझ्या टेबलावरची गाडी कशी असावी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुरावा देतो, तिथे मर्जी चालत नाही. दुसऱ्याचं उत्तर मर्जीच देते, तिथे पुरावा हुकूम करू शकत नाही. प्लॅस्टिक मॉडेलवाल्यांची आयपीएमएस ही संस्था १९६३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी अमेरिकेत तिची शाखा निघाली. तिच्या स्पर्धांत परीक्षकांचा भर मुख्यतः सफाईवर राहिला: सांधे बुजलेत का, चाकं सरळ आहेत का, रंग नीट बसलाय का. अचूकतेला त्यांनी फार हात लावला नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. एका दुपारी शंभर टेबलांवरचा इतिहास तपासणारा परीक्षक आणायचा कुठून?

काही वाद मात्र पुराव्याने मिटूच शकत नाहीत, कारण पुराव्याबद्दल मतभेदच नसतो. मॉडेल रेल्वेचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये ‘ओओ’ नावाचं प्रमाण रूढ आहे: खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. या हिशेबाने रुळांतलं अंतर १८.८३ मिलिमीटर हवं. असतं १६.५. कारण १९२०-३० च्या काळातली मोटर लहानखुऱ्या ब्रिटिश इंजिनात मावेना, म्हणून इंजिन मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. (पुन्हा मोटरच!) खऱ्या मापात सांगायचं तर रूळ सुमारे १८ सेंटिमीटरने अरुंद. हा आकडा सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते एवढी चूक चालवून घ्यायची का, यावर. कोणी १६.५ वरच राहिले, कोणी ‘ईएम’ गेजवर, म्हणजे १८ आणि नंतर १८.२ वर गेले, आणि १९६६ मध्ये काहींनी थेट १८.८३ चं ‘प्रोटोफोर’ मानक मांडलं. प्रत्येकाने आपापली मापं आणि सहनमर्यादा छापून टाकल्या: चाकाची जाडी एवढी, फट एवढी. रूळ कोणता घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवलं, आणि भांडणातला विखार बराच उतरला.

आपल्याकडे ही अडचण आणखी रुंद आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ च्या ‘एचओ’ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं, पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ १६.५ चे, ते १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनलेले. त्यामुळे त्यांच्यावर धावणारी भारतीय इंजिनं जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी असतात. ते करणाऱ्याने खाली एक छोटी चिठ्ठी लावावी: ‘प्रमाण १:८७, गेज १६.५ मिमी, खऱ्या प्रमाणात १९.३ हवं.’